वांग्याला स्थगिती, सरकीच्या तेलाला मुभा

9 फेब्रुवारी 2010 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण राज्यमंत्री जयराम रमेश यांनी बीटी, म्हणजे अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या, वांग्याच्या लागवडीला स्थगिती दिली. त्याआधी देशात सात शहरांत जनसुनावण्या झाल्या होत्या आणि त्यातली एक आपल्या नागपुरात झाली होती. शेतकरी, शास्त्रज्ञ, सेंद्रियवाले, बियाणे कंपन्यांचे लोक एकाच सभागृहात एकमेकांवर ओरडले, हे खरं. पण एखाद्या पिकाविषयी सरकारने लोकांना विचारलं, असं या देशात क्वचितच घडलं आहे. स्थगितीचं कारणही रास्त होतं. स्वतंत्र अभ्यासातून सुरक्षिततेची खात्री पटेपर्यंत थांबायचं, असं ठरलं होतं. त्याला दीड दशक उलटून गेलं. या काळात ना वांग्याला परवानगी मिळाली, ना कायमचा नकार. फाइल तशीच पडून आहे.

आता दुसरी बाजू पाहा. 2002 पासून आपल्याकडे बीटी कापूस आहे आणि आज कपाशीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर तोच उभा असतो. कापसातून रुई निघाली की उरते ती सरकी. सरकीचं तेल निघतं, पेंड गाई-म्हशींच्या गव्हाणीत जाते. हे तेल फरसाणाच्या कढईत असतं, हॉटेलात असतं, कित्येक घरांतही असतं. त्याच्या जोडीला अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून जहाजं भरभरून सोयाबीन तेल येतं. त्या दोन्ही देशांतलं सोयाबीन जवळजवळ सगळंच जीएम, अर्थात जनुकबदल केलेलं आहे. म्हणजे जीएम अन्न भारतात येऊ द्यायचं की नाही, हा वाद आपण अजून घालतो आहोत आणि ते वीसेक वर्षं आपल्या पोटात जातं आहे.

हे वाचून कुणी घाबरू नये. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिनं किंवा जनुकांचे अंश जवळपास उरत नाहीत. सरकीच्या तेलाने कुणाला इजा झाली, असं म्हणायला आधार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. खाणाऱ्याला हे कुणी सांगितलंच नाही. 1 जानेवारी 2013 पासून वेष्टनावर ‘जीएम’ छापण्याचा नियम लागू झाला, पण किराणा दुकानातल्या तेलाच्या पिशवीवर ती दोन अक्षरं मला आजवर दिसलेली नाहीत. ज्या गोष्टीत लपवण्यासारखं काही नाही ती सांगितली नाही, की माणूस तिच्यावरही संशय घेतो आणि पुढच्या प्रत्येक गोष्टीवर घेतो.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच स्पष्ट करतो. जीएम पिकांना सरसकट विरोध चुकीचा आहे आणि सरसकट स्वागतही चुकीचं आहे. बीटी वांग्याची फाइल उघडावी, त्याच्या खुल्या चाचण्या सरकारी विद्यापीठांनी कराव्यात आणि निकाल चांगले आले तर ते शेतकऱ्याला द्यावं, असं मला वाटतं. तणनाशक सहन करणारी पिकं मात्र आपल्याकडे येऊ नयेत. एकाच तंत्रज्ञानाबद्दल दोन उलटी मतं कशी, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर आपल्याच कपाशीच्या वीस वर्षांत आहे.

पण आधी आरोग्याचं बोलू, कारण लोकांची पहिली धास्ती तीच असते. बीटी म्हणजे मातीत आढळणारा एक जिवाणू. त्याचं प्रथिन अळीच्या पोटात गेलं की तिच्या आतड्याच्या अस्तराला चिकटून त्याला भोकं पाडतं. त्यासाठी आतडं अल्कधर्मी लागतं आणि त्या प्रथिनाला धरणारे विशिष्ट दुवे लागतात. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि ते दुवे आपल्या आतड्यात नाहीत. सेंद्रिय शेती करणारे लोकही याच जिवाणूची भुकटी पिकावर फवारतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2016 मध्ये शेकडो अभ्यास तपासले. सध्या बाजारात असलेलं जीएम अन्न नेहमीच्या अन्नापेक्षा आरोग्याला जास्त धोकादायक असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उंदरांच्या अंगावर मोठमोठ्या गाठी दाखवणारे फोटो अजूनही मोबाइलवर फिरतात. ते 2012 च्या एका फ्रेंच प्रयोगातले आहेत. पुढच्याच वर्षी त्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला, कारण इतक्या कमी उंदरांवरून कसलाच निष्कर्ष काढता येत नव्हता. नंतर तो दुसरीकडे छापून आला, पण उंदरांची संख्या तेवढीच राहिली.

म्हणून धोका शून्य आहे का? तसं नाही. नव्वदच्या दशकात ब्राझील नट या कवचफळाचं जनुक सोयाबीनमध्ये घालून पाहिलं होतं, पशुखाद्य पौष्टिक व्हावं म्हणून. त्या फळाची ज्यांना अ‍ॅलर्जी होती त्यांच्या रक्तावर तपासणी केली, तेव्हा अ‍ॅलर्जीही जनुकासोबत सोयाबीनमध्ये आल्याचं दिसलं. 1996 मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि ते सोयाबीन कधीच बाजारात आलं नाही. धोका होता आणि चाचणीने तो पकडला. 2000 साली अमेरिकेत याच्या उलट झालं. फक्त जनावरांसाठी परवानगी असलेला स्टारलिंक नावाचा मका माणसांच्या खाण्यात सापडला आणि दुकानांतून माल परत बोलवावा लागला. त्यातून आजार सिद्ध झाला नाही. पण कागदावर वेगळा ठेवलेला मका गोदामात वेगळा राहत नाही, हे मात्र सिद्ध झालं. वाणागणिक धोका वेगळा असतो, म्हणून तपासणीही वाणागणिकच व्हायला हवी.

आता कपाशी. बीटी येण्याआधी देशात हेक्टरी तीनशे किलोच्या आसपास रुई निघत होती. 2013-14 मध्ये तो आकडा साडेपाचशेच्या पुढे गेला. सगळं श्रेय बीटीचं नव्हतं. गुजरातेत पाणी आलं होतं, खतं वाढली होती, पाऊसही साथ देत होता. पण हिरव्या बोंडअळीवर रात्रंदिवस फवारणारा शेतकरी त्या जाचातून सुटला, हे ज्याने नव्वदच्या दशकातली कपाशी पाहिली आहे तो नाकारणार नाही. मग उतार लागला. आज ती सरासरी साडेचारशेच्या आसपास घुटमळते आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात त्याहून खाली. 2017 मध्ये शेंदरी बोंडअळीने कपाशीचा असा फडशा पाडला की लोकांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर घातले. ही अळी मोठी फसवी असते. फुलाच्या पाकळ्या आतून विणून ती डोमकळी करते. नंतर बोंडात शिरते आणि आत बसून सरकी खाते. वरून बोंड हिरवंगार, टणक दिसतं. फोडलं की आत पिवळी पडलेली कवडी. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले.

हे का झालं, यात या विषयाचं सगळं मर्म आहे. बीटी बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची एक छोटी पिशवी मिळायची. तीत साधं, बीटी नसलेलं बियाणं असायचं. शेताभोवती त्याच्या पाच ओळी किंवा क्षेत्राच्या 20 टक्के, यात जे जास्त असेल तेवढं लावायचं, असा नियम होता. त्या ओळींत, म्हणजे आश्रयाच्या ओळींत, साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग बीटीला दाद न देणाऱ्या मोजक्या पतंगांशी जुळतात आणि त्यांची पिल्लं पुन्हा बीटीने मरतात. एवढ्या साध्या व्यवस्थेवर त्या तंत्रज्ञानाचं आयुष्य अवलंबून होतं. आणि ती पिशवी धुऱ्यावर पडून राहिली. चार एकरवाल्याने पाचवा हिस्सा अळीला का द्यावा, हे त्याला कुणी नीट समजावलंच नाही. त्या पिशवीतलं बियाणं बरेचदा उगवायचंही नाही, किंवा मुख्य वाणापेक्षा मागेपुढे फुलायचं. कंपनीला विक्रीशी मतलब होता, कृषी खात्याला पेरणीच्या आकड्यांशी.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. बाकीच्या बहुतेक देशांत बीटी कापूस सरळ वाणात, म्हणजे ज्याचं बियाणं घरचं ठेवता येतं अशा वाणात आहे. आपल्याकडे तो संकरित वाणांतून आला, कारण संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. संकरित झाडाच्या बोंडात प्रत्येक सरकी सारखी नसते, काहींत बीटी असतं आणि काहींत नसतं. सरकी खाणाऱ्या अळीला अशी विषाची अर्धवट मात्रा मिळत गेली आणि ती त्याला सरावली. दुसरी गोष्ट फरदडीची. पाण्याची सोय असलेल्यांनी मार्चपर्यंत कपाशी उभी ठेवली आणि अळीला बारमाही घर मिळालं. याच शेंदरी बोंडअळीविरुद्ध अमेरिकेने बीटी वापरलं. तिथल्या शेतकऱ्यांनी सुरुवातीची दहा वर्षं आश्रयाच्या ओळी पाळल्या, नंतर वंध्य केलेले पतंग विमानातून सोडले आणि 2018 मध्ये आपला कापूसपट्टा या अळीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. अळी तीच, तंत्र तेच, आणि निकाल मात्र पूर्ण उलटा.

म्हणून ‘बीटी फसलं’ असं कुणी म्हणालं की मला ते अर्धवट वाटतं, आणि ‘बीटी यशस्वी झालं’ हेही तितकंच अर्धवट. फसली ती आपली देखरेख. सरकारी संस्थांनीही यात फार मोठे दिवे लावले नाहीत. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी ‘बिकानेरी नरमा’ हे सरळ बीटी वाण आणलं होतं. शेतकऱ्याला त्याचं बियाणं घरचं ठेवता आलं असतं. पण त्यात खासगी कंपनीच्याच जनुकाचे अंश सापडले आणि 2009 च्या सुमारास ते मागे घ्यावं लागलं. त्या एका वाणासोबत सार्वजनिक बियाण्याची आशाही मागे पडली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता वांग्याकडे येतो. वांग्याचा खरा वैरी म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. अंड्यातून निघाली की काही तासांतच ती कोवळ्या शेंड्यात किंवा फळाच्या देठाजवळच्या टोपीखाली शिरते. आत गेली की फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे शेतकरी ती दिसण्याची वाट पाहत नाही. वार ठरवून फवारत राहतो, ऐन हंगामात आठवड्याला दोनदासुद्धा. वांग्याचा तोडा चार-पाच दिवसांनी येतो. औषधाच्या डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस पाळायचे तर तोडा चुकतो, फळ जून होतं, बाजारात भाव पडतो. म्हणून आज फवारलेलं वांगं परवा मंडईत असतं. जीएमला घाबरून आपण जे ‘साधं’ वांगं भरून करतो ते असं आलेलं असतं. त्या विषाबद्दल आपल्याकडे कधी सात शहरांत सुनावणी झाली नाही.

भारतात अडकलेलं हेच वांगं बांगलादेशने 2013 च्या अखेरीस मंजूर केलं. जनुक जालन्याच्या महिको कंपनीकडून आलं, पण ते तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेने चार स्थानिक वाणांत घातलं. ही सरळ वाणं असल्याने शेतकरी बियाणं घरचं ठेवू शकतो. पहिल्या हंगामात फक्त वीस शेतकरी होते आणि त्यांतल्या काहींचं पीक बिघडलंही. पुढच्या काही वर्षांत ही संख्या हजारोंवर गेली. आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेने केलेल्या तुलनेत कीटकनाशकांचा खर्च जवळपास निम्म्याने घटल्याचं दिसलं आणि उत्पन्नही वाढलं. तुडतुडे, पांढरी माशी, लाल कोळी यांवर बीटीचा काही परिणाम होत नाही, त्यांच्यासाठी फवारावं लागतंच. पण अर्धा खर्च कमी होणं म्हणजे पाठीवर पंप घेऊन चालणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात अर्धं विष कमी जाणं. आरोग्याची चर्चा बहुतेक वेळा खाणाऱ्याभोवतीच फिरते आणि फवारणारा बाहेर राहतो.

विरोधकांचा एक मुद्दा मला पूर्ण पटतो. वांग्याची जन्मभूमी आपला हा भाग आहे. जळगावचं भरिताचं वांगं, कृष्णाकाठची वांगी, मांजरी गोटा अशी गावागावाची चव आपल्याकडे आहे. वांग्याचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागावर धरतं, पण मधमाशी थोडा संकर करतेच. ज्याला आपलं वाण जपायचं आहे त्याच्या रानात शेजारचं जनुक येऊ नये, ही जबाबदारी त्या शेजाऱ्याची आणि बियाणं विकणाऱ्याची असली पाहिजे. जपणाऱ्यावर ती ढकलता कामा नये. अंतराचे नियम, भरपाईची तरतूद आणि स्थानिक वाणांचं बियाणं सरकारी बियाणेकोशात सुरक्षित असणं, हे सगळं परवानगीच्या आधी व्हायला हवं.

तणनाशक सहन करणाऱ्या पिकांचं गणित निराळं आहे. बीटीमुळे, नीट सांभाळलं तर, फवारणी कमी होते. तणनाशक-सहनशील पीक मात्र आणलंच जातं ते फवारणी करण्यासाठी. 10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या शेतकऱ्यांनी बंदी मोडून असं एचटीबीटी, म्हणजे बीटी असलेलं आणि तणनाशकही सहन करणारं, कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरलं. कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असतानाही शेकडो लोक आले. त्यांची चीड खोटी नव्हती. झड लागली की आठ-दहा दिवस वाफसा येत नाही, डवरा चालत नाही. तोवर गवत कपाशीच्या डोक्यावर जातं आणि निंदणाला बाया मिळत नाहीत. मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. तंत्रज्ञान निवडण्याचं स्वातंत्र्य शेतकऱ्याला असावं, ही शेतकरी संघटनेची जुनी भूमिका आहे आणि तिचा मी आदर करतो.

तरीही मी तिथे सहमत होत नाही. कारण आपली कपाशी कधी एकटी नसते. तिच्या ओळींमध्ये तूर असते, मूग-उडीद असतो, धुऱ्यावर अंबाडी, चवळी असते. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं की कपाशी तेवढी उभी राहते आणि घरच्या वरणाची डाळ जळून जाते. पाच एकरांच्या घराला कापूस बुडाला तरी तूर तारून नेते. तो आधार एका फवाऱ्यात जातो. शेजाऱ्याच्या रानात वाऱ्याने तुषार गेले तर त्याचंही पीक जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. इतर काही नियामक संस्थांचं मत वेगळं आहे. तो वाद बाजूला ठेवला, तरी हातमोजे-मास्क नसलेल्या मजुराच्या हाती आणखी एक विष देण्याआधी यवतमाळ आठवावं लागतं. आणि निंदणाची मजुरी हे गावातल्या भूमिहीन बाईचं पावसाळ्यातलं जवळजवळ एकमेव रोख उत्पन्न असतं. शेतकऱ्याचा मजुरीचा प्रश्न खरा आहे. त्यावर लहान यंत्रं आणि रोजगार हमीतून निंदणाला मदत असे उपाय आधी करून पाहायला हवेत.

या विलंबाची सर्वात मोठी किंमत चोरबाजारात मोजली जाते. एचटीबीटीची पाकिटं आजही गुपचूप विकली जातात. त्यांची पावती नसते. बियाणं उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? त्यात नेमकं कोणतं जनुक आहे, हेही घेणाऱ्याला ठाऊक नसतं. 2019 मध्ये हरियाणातल्या फतेहाबादला बीटी वांगंही असंच बेकायदा सापडलं. सरकार हो किंवा नाही म्हणत नाही, तेव्हा निर्णय चोरटे व्यापारी घेतात.

दिल्ली विद्यापीठाच्या जीएम मोहरीचंही असंच झालं. 2022 मध्ये तिला पर्यावरणीय मान्यता मिळाली, जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं दुभंगली आणि प्रकरण लांबलं. आयातीचा निर्णय मात्र झटपट होतो. ऑगस्ट 2021 मध्ये कोंबडीखाद्यासाठी 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला केंद्राने परवानगी दिली. तेव्हा लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं. नवा माल येईपर्यंत भाव कोसळले. ज्या शेतकऱ्याला जीएम सोयाबीन पेरायला मनाई आहे, त्यालाच परदेशातल्या जीएम सोयाबीनशी भावात टक्कर द्यायला लावलं. जैवसुरक्षेचं कारण खरं असेल तर ते बंदरावरही लागू व्हायला हवं. अमेरिकेचा मका आणि सोयाबीन घ्या म्हणून व्यापार-चर्चेत दबाव येतो आहे, तेव्हा हे आत्ताच ठणकावून सांगायला हवं.

काही लोक म्हणतात, हा वाद आता जुना झाला, जनुक-संपादन आलं. मे 2025 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने अशी दोन भाताची वाणं जाहीर केली. त्यांत परकं जनुक घातलेलं नाही, भाताच्याच जनुकांत नेमका बदल केला आहे. सार्वजनिक संस्थेने हे केलं, याचं मला समाधान आहे. पण 2022 पासून अशा पिकांना जीएमच्या कडक नियमांतून वगळलं आहे. म्हणून त्यांच्या चाचण्यांची माहिती संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवणं जास्तच गरजेचं आहे. बीटी वांग्याची मूळ चाचण्यांची माहिती बाहेर यायला माहितीच्या अधिकाराची आणि न्यायालयाची वाट धरावी लागली होती. लोकांचा विश्वास तिथेच उडाला.

मंजुरीसाठी चाचण्या कंपनी करते, अहवाल कंपनी देते आणि समिती तो वाचते, ही पद्धत बदलली पाहिजे. खर्च कंपनीने द्यावा, पण तो पैसा एका वेगळ्या निधीत जमा व्हावा आणि चाचण्या राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांनी कराव्यात, आपल्याच वांग्यांवर, आपल्याच पाण्यावर. चाचणीला लागणारी वाणंही आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने बनवलेल्या बीटी जनुकाच्या दोन वांग्यांना 2020 मध्ये आठ राज्यांत चाचण्यांची परवानगी मिळाली होती. अशा चाचणीला राज्याची ना-हरकत लागते. महाराष्ट्राने 2015 मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा सल्ला घेऊन काही जीएम पिकांच्या चाचण्यांना ती दिलीही होती, म्हणजे यंत्रणा आपल्याला नवी नाही. वांग्याची ना-हरकत देताना सरळ वाण, आश्रयाच्या ओळींची प्रत्यक्ष शेतावर तपासणी आणि अळी सरावते आहे का याची दरवर्षी जाहीर होणारी नोंद, या अटी राज्याने आपल्या पत्रातच घालाव्यात. त्या पाळल्या नाहीत तर परवाना कधी रद्द होईल, ती तारीखही त्याच पत्रात असावी.